छातीसाठी गोळी, पिशवीची काळजी

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, किमो झाली, शेक घेऊन झाले. मग डॉक्टर सांगतात, "आता रोज एक गोळी. पाच वर्षं तरी, कदाचित दहा." गोळीचं नाव टॅमॉक्सिफेन. घरी आल्यावर कोणीतरी खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद उलगडून वाचतं आणि त्यात गर्भाशयाच्या कॅन्सरचा उल्लेख सापडतो. एका कॅन्सरवरचं औषध दुसरा कॅन्सर देत असेल, तर ते घ्यायचंच कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे आणि "काळजी करू नका" हे त्याचं उत्तर नव्हे. न्यूझीलंडमध्ये दरवर्षी साडेतीन हजारांच्या आसपास स्त्रियांना स्तनाच्या कॅन्सरचं निदान होतं. त्यातल्या बहुतेकींचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असतो, म्हणजे त्यांतल्या बऱ्याच जणी कधी ना कधी अशा गोळीपर्यंत पोचतात. ऑकलंडच्या, हॅमिल्टनच्या, वेलिंग्टनच्या मराठी घरांतही ही गोळी आहे. नातवंडांसाठी सहा महिने राहायला आलेल्या आईच्या बॅगेतही पुण्या-नाशिकहून आणलेली पाकिटं असतात. धोका खरा आहे. पण तो लहान आहे, मोजलेला आहे, आणि बहुतेक वेळा आधी सूचना देऊन येतो. ती सूचना बाईने दडवली किंवा डॉक्टरने कानाआड केली, तर मात्र तो मोठा होतो. हे सगळं प्रकरण त्या सूचनेसाठी लिहिलं आहे.

१. ही गोळी हार्मोन देत नाही

हार्मोनची ट्रीटमेंट म्हटलं की अनेकांना वाटतं, शरीरात बाहेरून हार्मोन घालणार. पाळी जाताना होणाऱ्या त्रासासाठी काही जणी घेतात ती गोळी तशीच असते, पण ती वेगळी. स्तनाच्या कॅन्सरनंतरची गोळी नेमकं उलट काम करते. इस्ट्रोजेन हे स्त्रीच्या शरीरातलं हार्मोन कॅन्सरच्या पेशींना वाढायला सांगतं, आणि गोळी ते सांगणं थांबवते.

हे थांबवण्याच्या दोन रीती आहेत. इस्ट्रोजेन तयारच होऊ द्यायचं नाही, ही एक. ते तयार झालं तरी पेशीपर्यंत त्याचा निरोप पोचू द्यायचा नाही, ही दुसरी. टॅमॉक्सिफेन दुसऱ्या रीतीचं औषध आहे, आणि गर्भाशयाची सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

२. एक गोळी, दोन अवयव

पेशीच्या आत इस्ट्रोजेनला बसण्यासाठी एक ठरलेली जागा असते. तिला रिसेप्टर म्हणतात. इस्ट्रोजेन तिथे बसलं की पेशीला वाढण्याचा हुकूम मिळतो.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, ते आठवा. टॅमॉक्सिफेन हा तसा रुमाल आहे. तो जागेवर पडला की इस्ट्रोजेनला बसायला जागा राहत नाही. स्तनाच्या पेशीतला कंडक्टर जागेकडे बघतो, प्रवासी नाही हे त्याच्या लक्षात येतं, आणि तो बेल देत नाही. गाडी उभीच राहते. गर्भाशयाच्या अस्तरातला कंडक्टर मात्र वेगळा आहे. त्याला रुमाल दिसला तरी तो जागा भरली असं धरतो आणि डबल बेल देतो. तिथे अस्तर वाढू लागतं.

हा कंडक्टर म्हणजे रिसेप्टरच्या आजूबाजूला काम करणारी प्रथिनं. ती प्रत्येक अवयवात सारख्या प्रमाणात नसतात, म्हणून एकच औषध एका ठिकाणी इस्ट्रोजेनच्या विरुद्ध आणि दुसऱ्या ठिकाणी थोडंफार इस्ट्रोजेनसारखं वागतं. पाळी गेलेल्या स्त्रीच्या हाडांना याच वागणुकीचा फायदा होतो, ती लवकर ठिसूळ होत नाहीत. गर्भाशयाला तोटा होतो.

अस्तर वाढणं म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकींच्या बाबतीत ते जरासं जाड होतं, काहींना पॉलिप, म्हणजे छोटे मांसल कोंब, येतात. थोड्या जणींमध्ये पेशी बिघडू लागतात, आणि त्यातल्याही थोड्यांमध्ये कॅन्सर होतो. गर्भाशयाच्या स्नायूंमधून उठणारा सार्कोमा नावाचा एक दुर्मीळ प्रकारही आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये त्याची ठळक सूचना माहितीपत्रकात घालायला लावली.

३. हे कळलं कसं

टॅमॉक्सिफेन कॅन्सरसाठी शोधलंच नव्हतं. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या आल्डर्ली पार्क इथे आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६२ मध्ये ते तयार केलं. कंपनीला संततिनियमनाची गोळी हवी होती. उंदरांमध्ये ती चालली, पण स्त्रियांमध्ये तिने बीजनिर्मिती उलट वाढवली. तिथेच हे रसायन अडगळीत गेलं असतं. पण १९७१ मध्ये मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमध्ये मेरी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर ते वापरून पाहिलं आणि काहींच्या गाठी आटल्या. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९७७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

पहिली काही वर्षं ते बळावलेल्या आजारालाच दिलं जाई. तेव्हा दहा वर्षांनी गर्भाशयाचं काय होईल, हा प्रश्न कोणापुढे नव्हता. पुढे ऑपरेशननंतर आजार उलटू नये म्हणून वर्षानुवर्षं द्यायला सुरुवात झाली, स्त्रिया जगू लागल्या, आणि मग दूरचे परिणाम दिसायला लागले. १९८५ मध्ये डॉक्टरांनी तीन स्त्रियांची नोंद छापली: तिघीही टॅमॉक्सिफेन घेत होत्या, तिघींनाही गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झाला होता. तीन म्हणजे योगायोगही असू शकतो. १९८८ मध्ये क्रेग जॉर्डन यांच्या गटाने एकाच उंदरात माणसाच्या दोन्ही गाठी वाढवल्या, एक स्तनाच्या कॅन्सरची आणि एक गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची. मग त्याला टॅमॉक्सिफेन दिलं. स्तनाची गाठ थांबली, गर्भाशयाची वाढली. या निबंधाच्या लेखकांत पी. जी. सत्यस्वरूप हे नावही आहे. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांची आकडेवारी छापली. गोळी घेणाऱ्या गटात अस्तराचे १३ कॅन्सर, न घेणाऱ्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात २. मात्र तिथे रोजचा डोस ४० मिलिग्रॅम होता, आजच्या नेहमीच्या डोसच्या दुप्पट.

१९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने टॅमॉक्सिफेनला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातलं. त्याच निकालात दुसऱ्या स्तनाचा कॅन्सर ते कमी करतं हेही नोंदवलं. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्याच अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आजही आहे. वर्गवारी फक्त "करतं का?" एवढंच सांगते. "किती जणींना?" हे तिच्यातून कळत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं.

४. धोका म्हणजे नेमका किती?

न्यूझीलंडच्या स्त्रिया ज्यात सामील होत्या, त्याच अभ्यासाचं उदाहरण घेऊ. आयबीआयएस-१ या नावाने तो ओळखला जातो. १९९२ ते २००१ या काळात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड धरून आठ देशांतल्या ७,१५४ स्त्रिया त्यात घेतल्या. त्यांना कॅन्सर झालेला नव्हता, पण घराण्यामुळे वगैरे होण्याचा संभव जास्त होता. निम्म्यांना पाच वर्षं टॅमॉक्सिफेन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. साधारण सोळा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवून २०१४ मध्ये हिशोब मांडला.

गोळी घेणाऱ्या ३,५७९ जणींपैकी २५१ जणींना स्तनाचा कॅन्सर झाला. न घेणाऱ्या ३,५७५ पैकी ३५० जणींना. म्हणजे ९९ कमी.

गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर: गोळी घेणाऱ्यांत २९, न घेणाऱ्यांत २०. म्हणजे ९ जास्त. त्यातही गोळी चालू असलेल्या पहिल्या पाच वर्षांत १५ विरुद्ध ४ असा फरक होता. त्यानंतरच्या वर्षांत दोन्ही गट जवळपास सारखे झाले. अस्तराच्या कॅन्सरने गोळीच्या गटातल्या ५ जणी गेल्या, दुसऱ्या गटात कोणी नाही. हा आकडा झाकू नये. तो लहान असला तरी त्या पाच बायका होत्या.

"पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ चौपट धोका" असं वर्तमानपत्राने छापलं तर ते खोटं नाही, पण त्याने झोप उडते. साडेतीन हजारांत ४ चे १५ झाले, असं सांगितलं तर तोच आकडा हाताळता येतो. डॉक्टर किंवा बातमी "दुप्पट", "तिप्पट" म्हणाली की लगेच विचारावं: कशाच्या दुप्पट?

ज्यांना कॅन्सर होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी फायद्याचं पारडं आणखी जड आहे. हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं, तर पुढच्या पंधरा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात.

मग पाचाऐवजी दहा वर्षं? त्यासाठी अ‍ॅटलास नावाचा मोठा जागतिक अभ्यास झाला. २०१२ च्या अखेरीस निकाल आला. हिशोब हजार स्त्रियांचा मांडू. पाच वर्षांवर थांबलेल्या हजारांपैकी पाचव्या ते चौदाव्या वर्षात १५० जणी स्तनाच्या कॅन्सरने गेल्या असत्या, दहा वर्षं घेणाऱ्या हजारांपैकी १२२. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर पहिल्या गटात १६ जणींना, दुसऱ्यात ३१ जणींना. त्या कॅन्सरने मृत्यू पहिल्या गटात २, दुसऱ्यात ४. थोडक्यात, २८ जणी वाचल्या आणि २ जास्त गेल्या. निदान दुप्पट झालं, पण मृत्यू त्या मानाने फार थोडे. याचं कारण पुढे येईल: हा कॅन्सर लवकर बोलतो.

वयाने फार फरक पडतो. पाळी चालू असणाऱ्या तरुण स्त्रियांत गर्भाशयाचा हा धोका नगण्य वाढतो. खरी वाढ दिसते ती पंचावन्नच्या पुढे. ५५ ते ६९ या वयात गोळी सुरू केलेल्यांत पंधरा वर्षांत शंभरात सुमारे ४ जणींना गर्भाशयाचा कॅन्सर झाला, न घेणाऱ्यांत शंभरात एकीला. आणि ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे, त्यांना अस्तरच नाही, म्हणून हा धोकाही नाही. हे डॉक्टरला आपणहून सांगावं. भारतात झालेल्या जुन्या ऑपरेशनची नोंद इथल्या संगणकात नसते.

५. वजन, साखर आणि पॅसिफिक बेटांच्या लेकी

गोळी न घेताही गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होतो, आणि न्यूझीलंडमध्ये तो वाढतो आहे. सामोआ, टोंगा वगैरे बेटांवरून आलेल्या पॅसिफिक समाजातल्या स्त्रियांमध्ये त्याचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. माओरी स्त्रियांतही ते इतरांपेक्षा जास्त आहे, आणि तरुण वयातही आढळू लागलं आहे.

मोठं कारण वजन. पाळी गेल्यावर अंडाशयं इस्ट्रोजेन बनवायचं थांबवतात, पण चरबीत ते थोडं थोडं तयार होतच राहतं. पूर्वी दर महिन्याला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन अस्तर आवरून ठेवायचं आणि पाळीत ते निघून जायचं. आता आवरणारं कोणी नाही, वाढवणारं मात्र आहे. मधुमेह त्यात भर घालतो. आपल्या घरांत पन्नाशी-साठीच्या बाईचं वाढलेलं पोट आणि साखर या गोष्टी इतक्या नेहमीच्या झाल्या आहेत की त्यांचा पिशवीशी काही संबंध असेल, हे कोणाच्या मनातही येत नाही. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईने आपलं वजन आणि साखर हीही या औषधाच्या हिशोबात धरावी.

६. दुसरी गोळी आहे का?

पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी आहे. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झिमेस्टेन. ही पहिल्या रीतीची औषधं: चरबीत वगैरे इस्ट्रोजेन तयार करणाऱ्या एन्झाइमलाच ती थांबवतात. गर्भाशयाला ती चाळवत नाहीत. दोन्ही प्रकारांची तुलना केली तेव्हा दहा वर्षांत अस्तराचा कॅन्सर टॅमॉक्सिफेनच्या गटात हजारात १२ जणींना, या औषधांच्या गटात ४ जणींना झाल्याचं दिसलं. कॅन्सर उलटण्याचं प्रमाणही या औषधांनी आणखी घटतं. न्यूझीलंडमध्ये ही औषधं सरकारी खर्चाच्या यादीत आहेत.

किंमत मोजावी लागते ती हाडांची आणि सांध्यांची. सकाळी उठल्यावर बोटं आखडणं, गुडघे धरणं, हाडं विरळ होणं. हाडांची तपासणी करूनच ही गोळी सुरू करतात, आणि काही जणींना सांधेदुखीपायी पुन्हा टॅमॉक्सिफेनकडे वळावं लागतं. पाळी चालू असलेल्या बाईला नुसती ही गोळी लागू पडत नाही. अंडाशयं थांबवणारं इंजेक्शन सोबत लागतं. कोणती गोळी, हे ठरवताना वय, पाळी, हाडं, पायात रक्ताची गाठ झाल्याचा इतिहास, पिशवी आहे की नाही, सगळंच बघावं लागतं.

७. मग पिशवीच काढून टाकली तर?

हा विचार मराठी मनात पटकन येतो, कारण आपल्याकडे तो फार सहज केला गेला आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून जातं, पोटात दुखतं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येकींना कॅन्सरची भीती घातली गेली होती. ऐन तिशीत पिशवी गेली, काहींची अंडाशयंही गेली, आणि त्यासोबत हाडांचं, मनाचं बळ गेलं. ते आठवलं की आजही संताप येतो.

तीच भीती इथे वेगळ्या वेशात येऊ नये. निव्वळ टॅमॉक्सिफेन चालू आहे म्हणून पिशवी काढा, असं कुठलीही मान्य वैद्यकीय संस्था सांगत नाही. तपासणीत अस्तरातल्या पेशी बिघडलेल्या दिसल्या, घराण्यात विशिष्ट जनुकदोष निघाला, तर गोष्ट निराळी. आणि उलट टोकाची चूकही तेवढीच घातक आहे: कोणाला न विचारता गोळी बंद करणं. वरचे आकडे पुन्हा पाहिले तर कळेल की तसं करणारी बाई लहान धोका टाळायला मोठा धोका पत्करते.

८. रक्ताचा डाग

आता त्या सूचनेकडे येऊ. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून रक्त जाणं, मग ते थेंबभर असो, गुलाबी पाणी असो की तपकिरी डाग, ते कधीच नेहमीचं नसतं. अस्तराचा कॅन्सर झालेल्या दहापैकी सुमारे नऊ स्त्रियांना आधी हेच लक्षण दिसतं. पाळी चालू असेल तर अधेमधे डाग पडणं किंवा पाळी अचानक जास्त जाणं, ओटीपोटात सतत दुखणं हेही सांगायचं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: सुकलेलं अस्तर किंवा पॉलिप. पण ते कारण तपासूनच ठरतं.

इथे दोन गैरसमज फार नडतात. पहिला, "माझी स्मिअर टेस्ट चांगली आली आहे." न्यूझीलंडमध्ये सप्टेंबर २०२३ पासून स्मिअरऐवजी एचपीव्ही विषाणूची चाचणी आली, नमुना स्वतःच घेता येतो, आणि ती उत्तम सोय आहे. पण ती गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी आहे. आतल्या अस्तराबद्दल ती काहीच सांगत नाही.

दुसरा, "दरवर्षी सोनोग्राफी करत राहू." टॅमॉक्सिफेनमुळे अस्तराखालच्या थरात बारीक पाणीदार पोकळ्या तयार होतात आणि पडद्यावर अस्तर भलतंच जाड दिसतं. आत मात्र काहीच नसतं. मग बायोप्सी, मग पुन्हा काळजी. म्हणून काहीही त्रास नसलेल्या बाईला ठराविक मुदतीने सोनोग्राफी करायची शिफारस नाही. रक्त गेलं असेल तर मात्र सोनोग्राफी ठीक आली म्हणून थांबायचं नाही. अस्तराचा नमुना घ्यायलाच हवा.

तो घेतात कसा? ऑपरेशनच्या टेबलावर नव्हे, साध्या तपासणीच्या पलंगावर, बहुधा भूल न देता. सुमारे तीन मिलिमीटर जाडीची, वाकणारी प्लास्टिकची नळी गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवतात. आतली दांडी मागे ओढली की अस्तराचा बारीक तुकडा नळीत ओढला जातो. पाळीत येते तशी जोरात कळ येते, एखाद-दोन मिनिटं. आधी वेदनाशामक गोळी घेऊन गेलं तर सोपं जातं. नमुना पुरेसा मिळाला नाही तर बारीक दुर्बीण घालून आत पाहतात आणि पॉलिप असेल तर काढून टाकतात. कॅन्सर निघालाच आणि तो गर्भाशयापुरता असला, तर पिशवी, नळ्या आणि अंडाशयं काढण्याचं ऑपरेशन हाच मुख्य उपचार. अशा सुरुवातीच्या टप्प्यातल्या दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात.

९. ऑकलंडमध्ये सांगायचं कोणाला?

पहिला दरवाजा जीपीचा, म्हणजे फॅमिली डॉक्टरचा. स्तनाच्या कॅन्सरच्या पुढच्या तपासणीची तारीख चार महिन्यांनी असेल तर तोवर थांबायचं नाही. पाळी गेल्यावरचं रक्त आणि चालू टॅमॉक्सिफेन, या दोन गोष्टी एकाच वाक्यात सांगितल्या की जीपी स्त्रीरोग विभागाकडे तातडीची चिठ्ठी पाठवतो.

माहिती मागण्याचा हक्क या देशात मोठी किंमत देऊन मिळाला आहे. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६६ पासून गर्भाशयाच्या तोंडावर कॅन्सरपूर्व बदल आढळलेल्या अनेक स्त्रियांना पूर्ण उपचार न देता नुसतं पाहत राहिलं गेलं, आणि आपण कशाचा भाग आहोत हे त्यांना सांगितलं गेलं नाही. काहींना कॅन्सर झाला, काही गेल्या. सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी जून १९८७ मध्ये मेट्रो मासिकात ते उघड केलं. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्या चौकशीचा अहवाल ऑगस्ट १९८८ मध्ये आला, आणि त्यातून १९९६ मध्ये रुग्णांच्या हक्कांची कायदेशीर संहिता आली. धोका, फायदा, दुसरे पर्याय, हे सगळं समजेल अशा रीतीने सांगितलं जाणं हा त्यात हक्क आहे. गरज असेल आणि शक्य असेल तिथे जाणकार दुभाषी मिळणं हाही हक्क आहे.

मराठी घरांसाठी हा दुभाष्याचा हक्क फार मोलाचा आहे. आई मुलासमोर "अंगावर लाल गेलं" म्हणत नाही. सुनेसमोरही पटकन म्हणत नाही. मुलगा भाषांतर करायला बसला की ती "तसं काही नाही, जरा थकवा आहे" एवढंच बोलते, आणि डॉक्टरच्या कागदावर थकवाच लिहिला जातो. अपॉइंटमेंट घेतानाच मराठी, निदान हिंदी बोलणारी दुभाषी बाई मागावी. फोनवरून जोडून दिली तरी चालते.

पाहुणी म्हणून व्हिसावर आलेल्या आईला इथले सरकारी उपचार सहसा मोफत मिळत नाहीत, आणि आधीपासूनचा कॅन्सर प्रवास विम्यात बहुतेकदा वगळलेला असतो. त्यामुळे "परत गेल्यावर बघू" असं घरात ठरतं. परतीचं तिकीट तीन-चार महिन्यांवर असेल तर ते ठरवणं चुकीचं आहे. जीपीची फी भरून दाखवावं, सोनोग्राफी आणि नमुन्याचा खर्च आधी विचारून घ्यावा, आणि तो झेपणारा नसेल तर परतीचं तिकीट अलीकडे घ्यावं. भारतातल्या तिच्या डॉक्टरला त्याच दिवशी फोन करावा.

जीपीकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्यावं: गोळीचं नाव आणि ताकद, कोणत्या वर्षी सुरू झाली, पाळी कोणत्या वर्षी गेली, पिशवी आहे की काढली, डाग पहिल्यांदा कधी दिसला आणि किती वेळा, मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या, घरात कोणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता का. भारतातल्या ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट इंग्रजीतच असतो. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला असेल तर तोही दाखवावा.